वेंटवर्थ एल्म : 'नामशेष' झाडाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडिनबऱ्यातल्या राजवाड्याच्या बागेत 'नामशेष' एल्म सापडल्याची बातमी दर काही महिन्यांनी कुणीतरी पुन्हा फिरवतं आणि त्यापाठोपाठ तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, पेचाचे प्रश्न पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिचा क्रमांक दिला आहे.

१. वेंटवर्थ एल्म हे नेमकं कुठलं झाड? नाव कधी ऐकलं नाही.

एल्म ही युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यातली मोठी पानझडी झाडं. ब्रिटनमध्ये शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला ती एकेकाळी आपल्याकडच्या कडुनिंबाइतकी सर्रास दिसायची. स्कॉटलंडचा मूळचा एल्म म्हणजे विच एल्म. दक्षिणेकडे फील्ड एल्म जास्त. या दोघांच्या संकराला 'उल्मस × हॉलंडिका' म्हणतात. त्या संकरातलं, फांद्या खाली झुकलेलं एक शोभेचं वाण म्हणजे वेंटवर्थ एल्म. त्याचं पूर्ण नाव उल्मस × हॉलंडिका 'वेंटवर्थी पेंड्युला'. 'पेंड्युला' म्हणजे लॅटिनमध्ये लोंबणारा. १८९०च्या सुमाराला डच आणि जर्मन लिखाणात आणि रोपवाटिकांच्या याद्यांत ते दिसू लागलं.

२. एल्म तर जगात भरपूर आहेत. मग 'नामशेष' कोण झालं होतं?

नामशेष मानलं गेलं होतं ते वाण. प्रजातीचा इथे संबंध नाही. हापूस डोळ्यांसमोर आणा. हापूसचं प्रत्येक झाड हे कलम असतं, म्हणजे मूळच्या एकाच झाडाचा तुकडा पुढे चालू राहिलेला. उद्या हापूसची सगळी कलमं गेली तर आंबा ही प्रजाती मजेत राहील, रायवळ झाडं डोंगरभर असतील, पण हापूस संपलेला असेल. कोय रुजवून तो परत मिळणार नाही.

वेंटवर्थ एल्मचं असंच आहे. जगात विच एल्म आहेत, फील्ड एल्म आहेत, दोघांचे नवे संकरही आपोआप तयार होतात. पण हा ठरावीक संकर एकदाच झाला आणि पुढे माणसाच्या हातून कलमांनी वाढला.

म्हणूनच प्रजातींच्या लाल यादीत, म्हणजे कुठली प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक यादीत, तुम्हाला तो सापडणार नाही. ती यादी रानातल्या प्रजातींची असते. बागेतल्या वाणांवर लक्ष ठेवणं ब्रिटनमध्ये वनस्पती उद्यानं आणि 'प्लांट हेरिटेज'सारख्या संस्था करतात.

३. तो हरवला कधी आणि सापडला कधी?

एडिनबऱ्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या कागदपत्रांवरून दिसतं की १९०२मध्ये बर्लिनच्या श्पेथ रोपवाटिकेतून तीन वेंटवर्थ एल्म तिथे आले. ही रोपवाटिका १७२०पासूनची. त्या काळात तिचा पसारा इतका होता की बर्लिनचा तो भाग आजही 'बाउमशूलेनवेग', म्हणजे रोपवाटिका रस्ता, याच नावानं ओळखला जातो.

तिन्हींपैकी एकाच झाडाचा बागेत पुढे उल्लेख आहे. १९९६मध्ये ते डच एल्म रोगानं गेलं आणि ब्रिटनमधून हे वाण संपलं असं मानलं गेलं. मग २०१६मध्ये त्याच बागेतले एल्मचे जाणकार डॉ. मॅक्स कोलमन यांनी पॅलेस ऑफ होलीरूडहाऊसच्या बागेतली दोन झाडं ओळखली. हा राजघराण्याचा स्कॉटलंडमधला अधिकृत वाडा. झाडांची उंची शंभर फुटांना जेमतेम कमी.

ही १९०२च्या तिघांतलीच उरलेली दोन असावीत, हा अंदाज सगळ्यांत पटण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाडा आणि वनस्पती उद्यान यांचे जवळचे संबंध होते. वाड्याचे मुख्य माळी शिकून तयार झाले होते ते याच उद्यानात. रोपांची ने-आण झाली असणार. पण 'अमुक तारखेला दोन झाडं वाड्याकडे दिली' अशी ओळ दप्तरात नाही, म्हणून हा अंदाजच.

४. शंभर फुटी झाड, तेही राजवाड्यात. कुणाला दिसलं कसं नाही?

दिसत होतं की! रोज शेकडो माणसं त्याखालून जात होती. झाड हरवलं नव्हतं, त्याची पाटी हरवली होती.

हे समजायला दप्तराचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल. वनस्पती उद्यानात येणाऱ्या प्रत्येक रोपाला आवक क्रमांक मिळतो. त्यासमोर नाव, कुठून आलं, कधी आलं आणि कुठे लावलं हे लिहितात. रोप आवाराबाहेर गेलं की हा धागा तुटायची शक्यता सगळ्यांत जास्त. नवीन जागेचा माळी त्याला 'एल्म' म्हणतो, पुढची पिढी नुसतं 'ते मोठं झाड' म्हणते. त्यात नावंही बदलत गेली. विच एल्मला जुन्या नोंदींत 'उल्मस मॉन्टाना' म्हणत, आज 'उल्मस ग्लॅब्रा' म्हणतात. आजच्या नावानं शोधलं तर जुनी नोंद हाती लागत नाही.

आणखी एक कारण. होलीरूडची झाडं 'लोंबणारा एल्म' म्हणून दुसऱ्याच वाणांच्या खात्यावर खपून गेली असती. ते वाण कोणते, ते प्रश्न ८मध्ये.

५. डच एल्म रोग हॉलंडमधून आला का?

नाही, आणि या नावावर डच लोक नाराज असतील तर ते रास्तच आहे. रोगाचा शोध तिथे लागला म्हणून हे नाव पडलं. १९२१-२२मध्ये बिआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेनं मेलेल्या एल्ममधून बुरशी वेगळी काढली. पुढे क्रिस्टीन ब्यूसमननं तीच बुरशी रोगाचं कारण असल्याचं पक्कं केलं. दोघी योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेतल्या. काम यांनी केलं आणि बदनामी देशाच्या वाट्याला आली.

साथी दोन आल्या. पहिली 'ऑफिओस्टोमा उल्मी' या बुरशीची. ती ब्रिटनमध्ये १९२७मध्ये आढळली, बरीच झाडं गेली, मग जोर ओसरला. दुसरी 'ऑफिओस्टोमा नोव्हो-उल्मी'ची, कितीतरी जास्त जहाल. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या, साल न काढलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून ती ब्रिटनमध्ये उतरली आणि अडीच कोटींहून जास्त एल्म घेऊन गेली.

६. बुरशी एवढं मोठं झाड मारते कशी?

ती झाडाला तहानेनं मारते. साल पोखरणारा छोटा भुंगा, लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, मरायला टेकलेल्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतो. अळ्या तिथेच वाढतात. त्या बोगद्यांत बुरशी माजलेली असते, त्यामुळे बाहेर पडणारा नवा भुंगा अंगावर बीजाणू घेऊनच निघतो. तो जातो धडधाकट एल्मच्या शेंड्याकडे आणि कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यात साल कुरतडतो. तेवढ्या जखमेतून बीजाणू पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत शिरतात.

पुढचा घात झाड स्वतःच करतं. बुरशी पसरू नये म्हणून ते आपल्याच नळ्यांत डिंक आणि फुगवटे भरून त्या बंद करतं. बुरशीचा वेग जास्त, म्हणून बंद नळ्या वाढत जातात आणि वर पाणी पोचत नाही. मोठं झाड एका-दोन हंगामांत वाळतं.

दुसरा रस्ता जमिनीखालून. शेजारच्या एल्मची मुळं एकमेकांना चिकटून एकजीव झालेली असतात. त्या जोडातून बुरशी भुंग्याशिवायच पलीकडे जाते. रांगेत लावलेले एल्म एकापाठोपाठ एक जातात ते यामुळे.

७. मग होलीरूडची झाडं वाचली कशी? त्यांच्यात प्रतिकारशक्ती आहे का?

तसा कुठलाही पुरावा नाही. १९९६मध्ये गेलेलं झाड याच वाणाचं होतं, हे विसरू नका. एकाच झाडाची कलमं असतील तर एक मरतं तिथे दुसरंही मरू शकतं.

वाचवलं ते शहरानं. एडिनबरा नगरपालिका १९८०च्या दशकापासून दरवर्षी एल्मची पाहणी करते आणि रोगट झाड तोडून हलवते. रोगट झाड उभं राहिलं किंवा त्याची लाकडं सालीसकट पडून राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात त्यातून हजारो भुंगे निघतात. ते निघायच्या आत झाड काढलं की साखळी तुटते. शहरात आजही हजारो एल्म उभे आहेत ते या कंटाळवाण्या, दरवर्षीच्या कामामुळे. हवेचीही मदत होते. हवा साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय भुंगे फारसे उडत नाहीत आणि एडिनबऱ्यात असे दिवस मोजके.

इंग्लंडमध्ये ब्रायटननं हेच केलं. तिथे एल्मचा राष्ट्रीय संग्रह आहे. पण पाहणी चोख असूनही २०१९मध्ये प्रेस्टन पार्कमधल्या चारशे वर्षांहून जुन्या दोन जुळ्या एल्मपैकी एक गेलाच.

८. वेंटवर्थ एल्म ओळखायचा कसा?

आधी तो एल्म आहे का ते ठरवा. पानाच्या देठाशी बघा. एल्मच्या पानाचा तळ वाकडा असतो, एक बाजू देठावर जास्त खाली उतरलेली. कडा दुहेरी दातेरी.

मग विच एल्म बाजूला काढा. त्याचं पान वरून बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं, देठ इतका आखूड की पानाचा तळ त्याला झाकून टाकतो. संकरित एल्मचं पान त्यामानानं गुळगुळीत आणि चकचकीत, देठ स्पष्ट दिसणारा. फळ मिळालं तर आणखी बरं. एल्मचं फळ म्हणजे कागदी पंखाची चकती. विच एल्ममध्ये बी चकतीच्या मधोमध असतं, फील्ड एल्ममध्ये वरच्या खाचेजवळ सरकलेलं, संकरात बहुधा या दोन्हींच्या मध्ये.

शेवटी बांधा. लोंबणाऱ्या एल्मच्या नावाखाली बहुतेक वेळा कॅम्परडाउन एल्म असतो. डंडीजवळच्या कॅम्परडाउन हाऊसमध्ये एकोणिसाव्या शतकात मिळालेलं हे वाण दीड-दोन मीटर उंचीच्या खुंटावर (ज्या मुळावरच्या झाडावर काडी बांधतात तो खुंट) कलम करतात, म्हणून ते बुटकं राहतं, घुमटासारखं. फांद्या वेड्यावाकड्या पिळलेल्या. 'हॉरिझॉन्टॅलिस' हे दुसरं वाण पसरट, टेबलासारखं. वेंटवर्थ यांच्यापेक्षा वेगळा. तो सरळ उंच वाढतो, ३० मीटरपर्यंत जातो आणि त्या उंचीवरून मोठ्या पानांच्या लांब फांद्या खाली सोडतो. लोंबणारा पण उंच, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे गैरसमज टळतात.

९. तसंच झाड आमच्या गावच्या बागेत आहे असं वाटतं. काय करू?

(हा प्रश्न मुख्यतः ब्रिटन, नेदरलँड्स आणि जर्मनीतून येतो. श्पेथचा माल तिकडे सगळीकडे गेला होता, त्यामुळे शंका अगदीच वावगी नाही.)

आधी फोटो काढा. पूर्ण झाड दोन बाजूंनी, एकदा पान असताना आणि एकदा हिवाळ्यात उघडं. शेजारी माणूस उभा करा म्हणजे उंचीचा अंदाज येतो. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, बुंध्याचा घेर मोजा. पानं गोळा करायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या खालच्या-मधल्या भागातल्या आखूड फांद्यांवरची. बुंध्याजवळच्या फुटव्यांची पानं घेऊ नका. ती आकारानं फसवी असतात आणि एल्मच्या चुकीच्या ओळखीमागे बहुतेकदा तीच असतात. पाच-सहा पानं वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा आणि कागदावर तारीख व ठिकाण लिहा.

मग बाग कधी लावली, रोपं कुठून आली हे विचारा. जुनी पावती किंवा यादी निघाली तर तिचं मोल पानांपेक्षा जास्त. हे सगळं जवळच्या वनस्पती उद्यानाला पाठवा. झाडाची डहाळी स्वतः तोडू नका, कारण प्रश्न १०मध्ये आहे.

१०. रोग लागला आहे हे कसं कळतं?

जून-जुलैमध्ये शेंड्याकडचा एखादाच झुपका अवेळी पिवळा पडतो, मग तपकिरी होऊन वाळतो. बाकी झाड हिरवंगार असतं. डहाळीचं टोक मेंढपाळाच्या आकडीसारखं वळतं. संशय असेल तर वाळत्या डहाळीची साल सोलून पाहा. आतल्या पांढऱ्या लाकडावर उभ्या काळपट रेघा दिसतात. आडवी कापली तर त्याच रेघा गडद ठिपक्यांच्या कडीसारख्या दिसतात. मेलेल्या फांदीची साल उचकटली तर भुंग्याचा एक उभा बोगदा आणि त्याला दोन्हीकडून फुटलेले अळ्यांचे बारीक बोगदे, शंभर पायांच्या किड्यासारखी नक्षी.

लगेच नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला कळवा. तोडलेलं लाकूड जळणासाठी घरी आणून रचू नका. साथ दुसऱ्या गल्लीत पोचते ती बहुतेक वेळा अशाच ढिगातून.

निरोगी एल्मसुद्धा उन्हाळ्यात छाटू नये. ताज्या जखमेच्या वासानं भुंगे येतात. छाटणी भर हिवाळ्यात करावी.

११. औषध नाही का?

बरं करणारं भरवशाचं औषध नाही. रोग अगदी सुरुवातीला एकाच फांदीत दिसला तर ती फांदी रेघा संपतात त्याच्या बरंच खाली कापून काही झाडं वाचली आहेत, पण त्यावर विसंबू नये.

आधीच करायचे उपाय आहेत. बुरशीनाशक खोडात टोचतात. नेदरलँड्समध्ये 'डच ट्रिग' नावाची लस वापरतात. त्यात व्हर्टिसिलियम या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू दर वसंतात खोडात देतात, त्यानं झाडाची प्रतिकारयंत्रणा आधीच जागी होते. अडचणी दोन : ही लस दरवर्षी द्यावी लागते, आणि मुळांच्या जोडातून येणारा रोग ती अडवत नाही. शेजारच्या झाडाला रोग असेल तर मधे खोल चर खणून मुळं तोडावी लागतात. तोही रोगट झाड पाडायच्या आधी. आधी झाड पाडलं तर त्याच्या मुळांतली बुरशी शेजारी लवकर ओढली जाते.

१२. बी लावून रोपं का करत नाहीत?

प्रश्न २मधला हापूस आठवा. संकराच्या बियांतून येणारं प्रत्येक रोप वेगळं निघतं. शिवाय बागेत आजूबाजूला विच एल्म असतात, त्यांचा पराग वाऱ्यानं येणारच. बियांतून एल्म मिळेल, पण त्याला वेंटवर्थ म्हणता येणार नाही.

१३. मग त्याचं कलम कसं करायचं? हापूससारखंच का?

तत्त्व तेच, पण हंगाम आणि चुका वेगळ्या. शोध जाहीर झाला तेव्हाच 'आता याची रोपं वाढवायची' हे पुढचं काम ठरलं. शंभर वर्षांच्या एल्मवरून कलम करताना काय सांभाळावं लागतं ते असं :

काडी जानेवारी-फेब्रुवारीत घ्यायची. झाड झोपेत असतं, भुंगे उडत नाहीत. गेल्या हंगामाची वाढ हवी, पेन्सिलीएवढी किंवा थोडी बारीक, १० ते १२ सेंटिमीटर, दोन-तीन डोळ्यांची. इथेच पहिली चूक होते. म्हाताऱ्या एल्मच्या डहाळीवर बरेचसे डोळे फुलांचे असतात, गोल आणि फुगीर. ते काडीवर ठेवले तर मार्चमध्ये फुलं येतात, काडीतला साठा त्यात संपतो आणि ती वाळते. पानांचे डोळे बारीक आणि टोकदार असतात. तेच असलेली काडी निवडावी. मिळत नसेल तर आदल्या हिवाळ्यात एक-दोन फांद्या मागे छाटून जोमदार नवी वाढ आणावी, आणि काडी पुढच्या वर्षी घ्यावी. एक वर्ष गेलं तरी चालेल.

प्रत्येक काडीचा खालचा काप भिंगाखाली पाहायचा. तपकिरी ठिपका दिसला तर ती काडी आणि त्या फांदीच्या सगळ्या काड्या बाद. नाहीतर रोगच कलम करून वाटाल.

काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये २ ते ४ अंशांना ठेवायच्या. त्याच वेळी कुंडीतले दोन वर्षांचे विच एल्मचे खुंट काचघरात आणून उबेला ठेवायचे. खुंटाची मुळं जागी व्हायला हवीत आणि काडी मात्र झोपलेलीच हवी. काडी आधी फुटली तर तिला पाणी द्यायला जोड तयार नसतो.

खुंट आणि काडी सारख्या जाडीची असतील तर जिभली कलम (दोघांना तिरके काप देऊन एकमेकांत अडकवायचे), खुंट जाड असेल तर पाचर कलम (खुंटाला चीर देऊन पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची). पाचर एका बाजूला सरकवून सालीखालचा हिरवा थर किमान एका बाजूनं तरी जुळवायचा. पट्टी घट्ट बांधायची आणि जोडावर व काडीच्या टोकावर मेण लावायचं. पाच-सहा आठवड्यांत जोड धरतो. खुंटाचे फुटवे दर आठवड्याला खुडायचे. दोन महिने दुर्लक्ष झालं तर खुंट काडीला उपाशी ठेवतो. मग तुमच्या हाती छान वाढलेला विच एल्म येतो, 'वेंटवर्थ'ची पाटी लावलेला. असे प्रकार रोपवाटिकांत घडतात.

कॅम्परडाउनसारखं उंचावर कलम करायची गरज नाही. वेंटवर्थ स्वतःच उंच जातो. सुरुवातीला मधला शेंडा खाली वाकतो, त्याला काठीचा आधार देऊन सरळ न्यायचा.

१४. कलमापेक्षा स्वतःच्या मुळावरचं रोप बरं नाही का?

जतनासाठी बरंच बरं, आणि यावर आमचं मत ठाम आहे. संकरित एल्म मुळांवरून केळीच्या मुनव्यांसारखे फुटवे काढतात. स्वतःच्या मुळावरचं झाड रोगानं वरून मेलं तरी जमिनीतून तेच वाण पुन्हा येतं. विच एल्मच्या खुंटावरचं कलम मेलं की सगळंच संपतं.

पण करायला अवघड. जून महिन्यात कोवळ्या फुटव्यांचे १० ते १५ सेंटिमीटरचे छाट घेऊन, आयबीए या मुळं फुटायला लावणाऱ्या संजीवकात बुडवून, मिस्ट हाऊसमध्ये, म्हणजे पाण्याच्या बारीक तुषारांनी सतत दमट ठेवलेल्या काचघरात, लावतात. झाड जितकं म्हातारं तितकं मूळ धरणं कमी. यावर वाट अशी की आधी प्रश्न १३प्रमाणे कलम करायचं, कलमाला दोन वर्षं जोमानं वाढवायचं आणि त्याच्या तरुण फांद्यांचे छाट लावायचे. ऊतीसंवर्धनाचाही रस्ता आहे, पण जुन्या झाडाच्या डोळ्यांतले जंतू काढण्यातच बरेच प्रयत्न वाया जातात.

१५. डीएनए तपासला की ओळखीचा प्रश्न कायमचा सुटेल ना?

अर्धाच सुटेल. होलीरूडची दोन झाडं एकमेकांची सख्खी कलमं आहेत का, हे डीएनए सांगेल. संकर कोणाचा, हेही बऱ्यापैकी सांगेल. पण 'हाच वेंटवर्थ' हे ठरवायला तुलनेसाठी खात्रीचा वेंटवर्थ लागतो. वाण संपलेलं मानलं जात असेल तर तो आणायचा कुठून?

म्हणून दाबून ठेवलेले जुने नमुने महत्त्वाचे. नाव, तारीख आणि ठिकाण लिहिलेलं शंभर वर्षांपूर्वीचं पान आकार दाखवतं, आणि त्यातून डीएनएही मिळू शकतो. नमुन्यावरची चिठ्ठी चुकीची असेल तर मात्र यंत्र तीच चूक काटेकोरपणे पुन्हा सांगेल.

१६. रोगाला दाद न देणारे एल्म निघाले आहेत म्हणतात. त्यात भारताचा वाटा आहे का?

आहे, आणि मोठा आहे. काश्मीर ते उत्तराखंड या हिमालयाच्या पट्ट्यात 'उल्मस वॉलिचियाना' हा आपला एल्म वाढतो. डच संशोधक हान्स हेब्रूक १९६०मध्ये हिमालयात आले आणि त्याचं वाण युरोपात नेलं. त्याचं रक्त 'लोबेल', 'डोडोन्स', 'प्लँटाइन', 'कोलुमेला' या प्रतिकारक वाणांत आहे. युरोपातल्या शहरांच्या रस्त्यांवर ही झाडं आज उभी आहेत.

आणखी गंमत पुढे आहे. १९९०च्या दशकात हिमालयात याच बुरशीची तिसरी बहीण सापडली, 'ऑफिओस्टोमा हिमल-उल्मी'. १९९५मध्ये ब्रेझियर आणि मेहरोत्रा यांनी तिचं वर्णन केलं. ती तिथल्या एल्ममध्ये राहते पण साथ आणत नाही. पिढ्यानपिढ्या एकत्र राहून दोघांचं जमलेलं दिसतं. युरोपातल्या झाडांना मात्र ती घातक ठरू शकते.

आपल्या या एल्मची स्थिती मात्र बरी नाही. प्रजातींच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. जनावरांच्या चाऱ्यासाठी फांद्या सतत तोडल्या जातात, त्यामुळे झाड फुलावर आणि बियांवर येतच नाही.

१७. आमच्याकडच्या वावळ्याला 'इंडियन एल्म' म्हणतात. तोच का हा?

कुळ एक, घर वेगळं. वावळा म्हणजे 'होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया', एल्मच्याच कुळातला पण वेगळ्या गटातला. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या टेकड्यांवर वाऱ्याबरोबर कागदी चकत्या उडत येतात, पोरं त्या चोळून आतलं बी खातात, ते फळ हातात घ्या. मधे बी, भोवती पातळ पंख, टोकाला खाच. एल्मचं फळ असंच असतं, म्हणून ते इंग्रजी नाव. पान चोळलं तर फरक लगेच कळतो : वावळ्याचा वास उग्र, आणि पानाची कड बहुधा सपाट. एल्मची दातेरी.

वावळ्याच्या खुंटावर एल्मचं कलम होईल का, असंही विचारतात. त्या भानगडीत पडू नका.

१८. एडिनबऱ्याहून काडी आणून महाबळेश्वरला लावली तर?

तीन अडथळे. वाड्याच्या बागेतली काडी परवानगीशिवाय तोडता येत नाही. भारतात रोप, काडी किंवा बी आणायला २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि निघतानाच्या देशाचं रोगमुक्ती प्रमाणपत्र लागतं. सामानात लपवून आणलेली काडी म्हणजे हिमालयाच्या एल्मशी खेळ. जहाल बुरशी ब्रिटनमध्ये ओंडक्यातून कशी आली ते प्रश्न ५मध्ये आहेच. तिसरं म्हणजे हवा. या एल्मला लांब, कडक हिवाळा लागतो. महाबळेश्वरची थंडी त्याला पुरणार नाही आणि चार महिन्यांचा पाऊस मानवणार नाही.

१९. बोन्साय करता येईल?

मोठ्या पानांमुळे वेंटवर्थ त्याला योग्य नाही. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत बोन्सायसाठी मिळतो तो चायनीज एल्म, 'उल्मस पार्विफोलिया'. पान नखाएवढं, छाटणी सोसतो आणि डच एल्म रोगालाही चांगली टक्कर देतो. तोच घ्या.

२०. एक शोभेचं झाड गेलं तर निसर्गाचं काय बिघडतं?

या एका वाणानं फारसं काही नाही, खरं सांगायचं तर. पण एल्म म्हणून बिघडतं. 'व्हाइट-लेटर हेअरस्ट्रीक' या फुलपाखराच्या अळ्या फक्त एल्मवर जगतात. स्कॉटलंडमध्ये १८८४नंतर ते दिसलंच नव्हतं. २०१७मध्ये सीमेलगतच्या बेरविकशायरमध्ये पुन्हा दिसलं. तिथे एल्म होते म्हणूनच.

२१. झाडं पाहायला मिळतात का?

वाड्याची बाग उन्हाळी हंगामात वाड्याच्या तिकिटावर पाहता येते. राजघराण्यातलं कुणी मुक्कामाला असेल तर बंद, त्यामुळे तारखा आधी पाहून जा. जून-जुलैमध्ये पानांचा भार पूर्ण असतो, तेव्हा लोंबणाऱ्या फांद्या उठून दिसतात. बांधा समजून घ्यायचा असेल तर पानं झडल्यावर बाहेरून पाहिलेलं बरं. साल सोलू नका, पानं ओरबाडू नका.

२२. दोन झाडं सापडली, म्हणजे आता वाण वाचलं ना?

नाही. दोन्ही एकाच मूळ झाडाची कलमं असतील तर जनुकांच्या हिशोबानं ते एकच झाड, दोन खोडांवर उभं. दोन्ही एकाच आवारात, एकाच वयाची, एकाच वादळाच्या आणि एकाच भुंग्याच्या टप्प्यात. वाचलं म्हणायला किमान तीन-चार वेगळ्या ठिकाणी, एकमेकांपासून लांब, शक्यतो स्वतःच्या मुळावरची झाडं हवीत. त्यातलं एखादं तरी समुद्राकाठच्या, वाऱ्याच्या गावात असावं, तिथे भुंगा कमी फिरतो.

लहान रोपं दहा-पंधरा वर्षं ठीक दिसतात म्हणून हुरळूनही जाऊ नये. भुंगा अंडी घालतो जाड सालीत. खोड पुरेसं जाड होईपर्यंत तो तिकडे फिरकत नाही आणि त्यानंतर येतो. इंग्लंडच्या कुंपणांतले एल्म दर पंधरा-वीस वर्षांनी असेच मरतात आणि मुळांतून पुन्हा उगवतात.

आणि प्रत्येक रोपावर दोन पाट्या हव्यात. एक धातूची, आवक क्रमांक कोरलेली, सैल तारेनं फांदीला बांधलेली. खोडाला आवळून बांधली तर झाड ती गिळतं. दुसरी नोंद कागदावर, बागेच्या नकाशात, झाडापासून दोन पक्क्या खुणांपर्यंतचं अंतर मीटरमध्ये लिहिलेली.